‘कापूस वेचणी’ हा लेख कोणी लिहिला, त्याबाबत

मी, पंजाबराव शालिकराम मेहरे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी दस्तलेखन, सध्या काही नाही, राहणार बुधवारा, अमरावती, पूर्ण शुद्धीवर असताना, सकाळचा चहा घेऊन झाल्यावर हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. ‘कोणाच्याही धाकदपटशाशिवाय’ असे शब्द यात घालायची पद्धत आहे. तहसीलच्या आवारात कडुलिंबाखाली टाइपरायटर मांडून मी एक्केचाळीस वर्षे बसलो आणि ते शब्द परक्या लोकांसाठी किती वेळा टाइप केले याची गणती नाही. आज स्वतःसाठी लिहिताना हसू आले, कारण धाक घालायला या घरात दुसरे माणूसच नाही. पत्नी आशाबाई २०१२ साली वारली. मूलबाळ झाले नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यात जे खोडले असेल ते एकाच रेघेने खोडलेले आहे आणि शेजारी समासात माझी सही आहे. पांढरी शाई मी आयुष्यात वापरली नाही. खोडलेलेसुद्धा वाचता आले पाहिजे, नाहीतर त्या कागदाला कोणी दस्त म्हणू नये. माझ्या मालमत्तेची व इतर गोष्टींची व्यवस्था पुढीलप्रमाणे करावी.

कलम १. बुधवाऱ्यातील दोन खोल्यांचे राहते घर, मागच्या अंगणासह, माझा पुतण्या धर्मेंद्र मेहरे, राहणार अकोला, यास द्यावे. धर्मेंद्र दर दिवाळीला फोन करतो. “काका, तब्येत कशी हाय?” असे विचारतो आणि मी उत्तर देईपर्यंत “घराचे कागदं कुठी ठेवता तुमी?” असेही विचारून घेतो. तर धर्मेंद्रा, कागद गोदरेजच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. मालमत्ता पत्रक, नकाशा, कराच्या पावत्या, सारे क्रमाने लावलेले आहे. अंगणातले पेरूचे झाड तोडू नये एवढी एकच अट आहे. तू ती पाळणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवतो.

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातून माझे क्रियाकर्म साधेपणाने करावे. तेरवीला बुंदी करू नये, मला ती कधी आवडली नाही. उरलेले सारे आमच्या भागातील वाचनालयास द्यावे. तिथल्या खुर्चीवर मी उन्हाळ्याच्या बऱ्याच दुपारी काढल्या आहेत आणि तिथे मला कोणी कधी ऊठ म्हटले नाही.

कलम ३. टाइपरायटर. याचा ‘ळ’ अर्धवट उमटतो. कोणाला हवा असेल त्याने न्यावा, नाहीतर भंगारात द्यावा. शोभेची वस्तू म्हणून कोणाच्या दिवाणखान्यात ठेवू नये.

कलम ४. आशाबाई अंबादेवीच्या रस्त्यावर फुले विकायला बसत असे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या फुला-भाज्यांवर जगलेली माणसे, लिहिण्याच्या धंद्यात शिरलेला मी पहिलाच. तिची तागडी आणि फुलांवर पाणी मारायचा तांब्या माझ्या पलंगाखाली आहे. आता तिच्या जागेवर एक बाई बसते, लाल छत्रीची. नाव मला ठाऊक नाही. तिला या दोन्ही वस्तू द्याव्या आणि कोणाच्या होत्या ते सांगावे. न सांगता देऊ नये.

कलम ५. माझे लेखन. याबाबत जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण धर्मेंद्रला यातले काही माहीत नाही आणि माझ्यामागे त्याने यात काही घबाड शोधू नये.

वऱ्हाडकोश नावाचे एक संकेतस्थळ आहे. वऱ्हाडातली पिके, भाज्या, अवजारे, सण, गावे यांवर तिथे कोणीही लेख लिहावा आणि कोणीही तो सुधारावा अशी सोय आहे. लेखाच्या माथ्यावर कोणाचे नाव नसते. पण प्रत्येक लेखामागे ‘इतिहास’ नावाचे एक पान असते, आणि कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणी कोणता शब्द घातला व कोणी काढला हे त्यावर नोंदलेले असते. नाव राहते ते तिथे. तिथे माझे सदस्यनाव ‘अर्जनवीस’ असे आहे. सहाशे अकरा लेख माझ्या नावावर आहेत. ज्यांनी हा कोश सुरू केला ते एकेक करून दुसरीकडे गेले किंवा वारले, आणि आता पाने पुसण्याचे व पुसलेली परत आणण्याचे अधिकार असलेला मी एकटाच उरलो आहे.

कोशातले सर्व लेखन मुक्त परवान्याखाली आहे. म्हणजे ते कोणीही न्यावे, बदलावे, छापावे, छापून विकावे, विचारायलाही येऊ नये. अटी दोनच. ज्याने लिहिले त्याचे नाव सांगायचे, आणि पुढच्यालाही तेच स्वातंत्र्य द्यायचे. कायद्याने माझ्या लेखनाचा हक्क मी गेल्यावर साठ वर्षे चालेल, पण तो मी जिवंतपणीच साऱ्या जगाला वाटून बसलो आहे. तेव्हा याबाबत वकिलाकडे जाऊ नये. वारसाला मिळण्यासारखे यात एक नाव तेवढे उरले आहे, आणि ते घ्यावे की नाही हे धर्मेंद्रने कलम सात वाचून ठरवावे.

कलम ६. देवाच्या फोटोशेजारी एक लॅमिनेशन केलेले कात्रण टांगलेले आहे. अंजनगावकडच्या पानमळ्यांवरचा माझा लेख एका वृत्तपत्राच्या पुरवणीने शब्दन्‌शब्द उचलला होता आणि खाली ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असे छापले होते. मी त्यांना नऊ रजिस्टर पत्रे पाठवली. ‘लिहिणाऱ्याला फुकट लिहा म्हणा, तो लिहील, पण त्याचे नाव खाऊ नका’ असे त्यातल्या तिसऱ्या पत्रात लिहिले होते आणि ते वाक्य मला स्वतःलाच इतके आवडले की पुढच्या सहाही पत्रांत घातले. सातव्या महिन्यात त्यांनी टायरच्या जाहिरातीखाली दोन ओळींची दिलगिरी छापली. तेच हे कात्रण. ते मी गेल्यावर जाळून टाकावे. मला ते भिंतीवर ठेवण्याचा अधिकार नव्हता.

कलम ७. आशाबाई गेल्यावर सुमारे दोन वर्षे मी दिवसभरात बोललो तर दूधवाल्याशी, तेही “अर्धा लिटर” एवढेच. कोशावर लिहू लागलो ते वेळ जावा म्हणून. २०१४ साली तिथे एक नवीन सदस्य आली. तिने सदस्यनाव घेतले होते ‘पऱ्हाटी’, म्हणजे कपाशीचे झाड. आपल्या पानावर तिने लिहिले होते, “मी तेल्हाऱ्याची. सातवी शिकली. वावरात जाते. मले कोणी हसू नका.”

मी हसलो नाही. मथळा कसा द्यायचा, ओळ कशी सोडायची, संदर्भ कुठे टाकायचा हे मी त्यांना शिकवले. कोशावर प्रत्येक सदस्याला एक चर्चापान असते, तिथे एकमेकांसाठी निरोप ठेवता येतो. दुपारी एक-दीडला त्यांचा निरोप येई. “दादा, जेवले का?” मी लिही, “जेवलो. आपण?” मग त्या लिहीत, “भाकर आन ठेचा. बोंडं फुटून राहिले, आता पंधरा दिवस लिवनं नाई होत.” ते पंधरा दिवस मला फार लांब वाटत. पाच वर्षे हे चालले. मी त्यांचे खरे नाव विचारले नाही. कोशावर विचारू नये असा संकेत आहे, पण खरे कारण ते नव्हते. एका बाईला तिचे नाव कसे विचारावे हे मला साठी उलटल्यावरही जमत नव्हते.

२०१८ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘कापूस वेचणी’ लिहायला घेतले, आपल्या धूळपाटीवर. धूळपाटी म्हणजे सदस्याचे सरावाचे पान, कच्चे लिखाण करायची जागा. लुगड्याची ओटी कशी बांधायची म्हणजे दिवसभर ओढून कंबर दुखत नाही, वाळलेल्या बोंडाची टोके कोणत्या बोटाला आधी टोचतात, पहिल्या वेचणीच्या दिवशी वावरात सीतादहीची पूजा कशी करतात, दहीभात कुठे ठेवतात, फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर येणारा, कापूस हाताला वेगळा कसा लागतो, एखादीला लेकरू पाजायला बसायचे असेल तर तिची ओळ शेजारणीने कशी ओढून न्यायची. यातले एक अक्षर मी कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. पुस्तके लिहिणाऱ्यांपैकी कोणी ओटी बांधली नव्हती.

फेब्रुवारीत त्यांनी निरोप ठेवला, “दादा, झालं वाटते. पायजा बरं, शुद्ध करून द्या.” मी चार दिवस खपून ते प्रमाण भाषेत आणले. आणि मग जे केले ते धंद्याच्या सवयीने केले. आमच्याकडे पक्षकार चुरगळलेल्या कागदावर मजकूर आणतो, आम्ही तो मुद्रांकावर नीट टाइप करतो, आणि पक्का दस्त झाला की कच्चा कागद फाडून टोपलीत टाकतो, म्हणजे दोन मजकूर गावात फिरत नाहीत. ६ फेब्रुवारी २०१९ रोजी मी दुर्गाबाईंचा (हे नाव मला नंतर कळले, ते पुढे येईल) सारा मजकूर उचलून नव्या पानावर चिकटवला, कारणाच्या रकान्यात ‘नवीन लेख तयार केला’ असे लिहिले, आणि दुपारी त्यांची धूळपाटी दुबार म्हणून पुसून टाकली.

पान पुसले की त्याचा इतिहासही दिसेनासा होतो, हे मला माहीत होते. पान इतिहासासकट हलवायचे एक बटण आहे, हेही माहीत होते. तेही नको तर कारणाच्या रकान्यात ‘पऱ्हाटी यांच्या धूळपाटीवरून’ एवढे लिहिले तरी भागते, आणि ते न लिहिल्याबद्दल मी तीन नवख्या सदस्यांना चांगला दम भरला होता. आता ‘कापूस वेचणी’च्या इतिहासात एकच नोंद होती, एकच वेळ होती आणि एकच नाव होते, अर्जनवीस.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. “दादा, माही धूळपाटी कुठी गेली? सारं तुमच्या नावानं दिसून राहिलं.”

इथपर्यंत चूक होती. चूक माणसाकडून होते आणि दुरुस्तही होते. पण त्या दिवशी माझ्यातला तहसीलवाला जागा झाला. मी उत्तर लिहिले, ‘कोशातील लेख कोणाच्याही मालकीचा नसतो. कृपया नियम क्रमांक सात पाहावा.’

त्यांचे उत्तर तासाभराने आले. ते माझ्या चर्चापानावर अजून आहे, मी ते काढलेले नाही. “मालकी नाई मांगून राहिली दादा. घर मांगलं का म्या? नाव मांगलं.”

त्यानंतर पऱ्हाटी या सदस्याची एकही नोंद कोशावर नाही. माझ्या चर्चापानावर आता फक्त यंत्राने पाठवलेल्या सूचना येतात की अमुक छायाचित्राचा आकार मोठा आहे. मी त्याही उघडून वाचतो.

मी हे दुरुस्त का केले नाही? आधी लाज वाटली. मग लाजेची सवय झाली. मग तो लेख कोशात सर्वांत जास्त वाचला जाऊ लागला, लोक अर्जनवीसला शाबासकी देऊ लागले, आणि मला बरे वाटू लागले. हे तिसरे कारण मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

२०२२ साली एका प्रकाशकाने कापसावर पुस्तक काढले आणि हा लेख त्यात घेतला. माणूस नियमाने चालणारा होता. त्याने परवान्याची अट तंतोतंत पाळली, इतिहास उघडून पाहिला आणि लेखाखाली छापले, ‘लेखक : अर्जनवीस, वऱ्हाडकोश’. कोणी नाव खाल्ले म्हणून भांडावे तर नाव माझेच होते. प्रकाशन अकोल्याला झाले. मी लग्नातला कोट घालून गेलो. शाल मिळाली, नारळ मिळाला, दोन शब्द बोललो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरलो तेव्हा तिशीतली एक मुलगी पुढे आली.

“आबाजी, अर्जनवीस तुमीच का?”

मी हो म्हणालो.

“मी आचल. अकोल्यालेच शाळेत शिकवते, पण आमी तेल्हाऱ्याचे. पऱ्हाटी म्हंजे माही आजी. दुर्गाबाई पुंजाराम ताथोड.” तिने मला वाकून नमस्कार केला. “आजीले आता कमी दिसते. मी तिले पुस्तक पुरं वाचून दाखवलं. तिनं आयकलं आन विचारलं, माहं नाव कोण्या पानावर हाय? म्या म्हटलं, थांब, त्याईलेच विचारून येते.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला वाटत होते की नाव असणारच, तिलाच सापडले नाही. माझ्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ होता. मी म्हणालो, “पुढच्या आवृत्तीत येईल. आजींना सांगा.”

“सांगते. लय खुश होईन आजी,” ती म्हणाली आणि तिने माझा फोन नंबर लिहून घेतला.

अकोला स्टँडवर तेल्हाऱ्याची एसटी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. मी अमरावतीच्या गाडीत बसलो. आमची गाडी सुटेपर्यंत ती एसटी खिडकीतून दिसत होती.

ऑगस्ट २०२३ मध्ये आचलचा फोन आला. “आबाजी, आजी गेली. काल तेरवी झाली. दवाखान्यात दोनदा विचारलं तिनं. पुढची आवृत्ती निघाली का?”

“अजून नाही,” मी म्हणालो.

“बरं. निघाली का कळवजा.”

यंदा सप्टेंबरात प्रकाशकाचे पत्र आले. दुसरी आवृत्ती छापायला जाणार आहे. ‘लेखकाचे नाव मागीलप्रमाणेच ठेवावे काय, कृपया कळवावे,’ असे त्यांनी सभ्यपणे विचारले आहे. पत्र दोन महिने टेबलावर पडून आहे. शाल माझ्याजवळ एकच आहे, ती कपाटात घडी करून ठेवली आहे, आणि माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांत माणसांनी टाळ्या वाजवलेला तो एकच दिवस आहे. एवढ्यासाठी मी गप्प बसलो.

~~तरी माझ्या मृत्यूनंतर माझे सदस्यनाव, पासवर्ड व पुसलेली पाने परत आणण्याचे अधिकार कु. आचल ताथोड हिला द्यावे. पासवर्ड पिठाच्या डब्यामागे लिफाफ्यात आहे. तिने आजीची पुसलेली धूळपाटी परत आणावी, तिचा इतिहास ‘कापूस वेचणी’ला जोडावा आणि प्रकाशकाला खरे नाव कळवावे. मी हयात असेपर्यंत याची वाच्यता होऊ नये.~~

कलम ८. हे कलम चार दिवसांनी लिहीत आहे. कलम सातचा शेवटचा परिच्छेद रद्द केला असे समजावे. रद्द होण्याचे कारण असे.

समोर मनोजचे झेरॉक्सचे दुकान आहे. सात कलमांची एक प्रत काढायला मी त्याच्याकडे गेलो आणि वाचू नको असे बजावले. म्हणजे त्याने वाचले. शेवटचे पान यंत्रावर तसेच ठेवून तो माझ्याकडे पाहत राहिला.

“काका, थे पान परत आनाचं बटन तुमाले दाबता येत नाई का?”

“येते.”

“मंग मराची वाट कावून पाहून राहिले?”

मला त्याचा राग आला. वाचू नको म्हटले होते, यावरून मी त्याला बोललोही. “वाचलं तं वाचलं,” तो म्हणाला. “त्या बुढीनं दवाखान्यात दोनदा विचारलं म्हंता तुमी. आता त्या पोरीनं तुमच्या तेरवीलोक थांबाचं का?” पाने मी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि घरी आलो. मृत्युपत्रात काय लिहावे आणि काय लिहू नये हे मी लोकांना एक्केचाळीस वर्षे सांगितले. जे हाताने देता येते ते कागदावर ठेवू नका, असे सांगत असे. त्या झेरॉक्सवाल्याला हे कोणी शिकवले नव्हते.

सोमवारी दुपारी मी धूळपाटी परत आणली आणि तिचा इतिहास लेखाला जोडला. लेखाच्या चर्चापानावर काय घडले ते तारखांसह लिहिले, माझ्या सदस्यनावानिशी. प्रकाशकाला पत्र टाकले. त्यात नाव असे छापावे म्हटले आहे : दुर्गाबाई पुंजाराम ताथोड, तेल्हारा. सदस्यनाव नको, खरे नाव द्या, असे आचलने फोनवर सांगितले होते. ‘पऱ्हाटी’ म्हटले तर गावात कोणी ओळखणार नाही. त्याच फोनवर मी तिला सारे सांगितले, नियम क्रमांक सातसुद्धा. ती म्हणाली, “आजीले वाटे, तिच्याच हातानं काई तरी पुसल्या गेलं. अंगठा चुकला असन म्हने.” आणि फोन ठेवला. तो पुन्हा आलेला नाही. यावा असे मी म्हणू शकत नाही.

मनोजला मी माझी सायकल देणार होतो. ती देत नाही, कारण ज्याला काही मिळते त्याला मी कधी साक्षीला घेतले नाही, आणि मला साक्षीदार दोन हवेत. मला ओळखणारी आणि माझ्याकडून काही न मिळणारी माणसे शोधायला बसलो तेव्हा दोनच सापडली. सायकल वाचनालयाच्या शिपायास द्यावी.

कलम ९. हे शेवटचे, आणि यात द्यायचे-घ्यायचे काही नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

इतिहास परत आल्यावर मी तो पहिल्या ओळीपासून वाचला. दोनशे बारा नोंदी आहेत, जवळजवळ साऱ्या दुपारी एक ते अडीचच्या, म्हणजे बायका वावरात सावलीला बसतात तेव्हाच्या. कुठे एकच शब्द वाढवला आहे. कुठे आदल्या दिवशीचे वाक्य काढून तेच परत लिहिले आहे. दोनशे अकराव्या नोंदीपर्यंतचे सारे मी २०१९ साली वाचले होते, त्यावरूनच पक्का लेख केला होता.

दोनशे बारावी नोंद मी पाहिलेली नव्हती. ती ६ फेब्रुवारीची आहे, दुपारी एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांची. मी सकाळी मजकूर उचलून नव्या पानावर चिकटवला होता. मग जेवलो, थोडा पडलो, आणि दोन वाजून दहा मिनिटांनी उठून न बघता धूळपाटी पुसली. त्या मधल्या वेळात दुर्गाबाईंनी पानाच्या तळाशी एक ओळ घातली होती. ती जशीच्या तशी उतरवतो.

“हे लिवाले मले अर्जनवीसदादाईनं शिकवलं. त्याईचं नाव माह्या नावाच्या वरती टाकजा.”

आणि कारणाच्या रकान्यात, “दादाचं नाव रायलं होतं.”

त्यांची ही एवढी सूचना मी पाळणार नाही. त्यांचे नाव वर राहील. खाली माझे राहू द्यावे की काढावे हे आचलने ठरवावे, आणि ती ठरवील ते मला व माझ्या वारसांना बंधनकारक राहील. त्यांच्या चर्चापानावर मी सोमवारीच निरोप लिहिला : ‘बाई, तुमचे नाव लावले. फार उशीर केला. मला क्षमा करा. जेवलात का?’ शेवटचे दोन शब्द सवयीने लिहिले गेले. तिथून उत्तर येणार नाही एवढी शुद्ध मला आहे, आणि वर तसे लिहूनही दिले आहे. तरी आज सकाळपासून ते पान मी पाच वेळा उघडून पाहिले.

येथे हे मृत्युपत्र संपले. वरील नऊ कलमे मी स्वतः लिहिली, स्वतः वाचली, आणि त्यात जे माझ्याविरुद्ध आहे ते खरे आहे. खालील दोघांसमोर, दोघेही खोलीत हजर असताना, सही करतो.

लिहून ठेवणार : पंजाबराव शालिकराम मेहरे (सही)

साक्षीदार पहिले : डॉ. दीपमाला खेरडे, राजापेठ, अमरावती. यांनी आज माझी नाडी व रक्तदाब पाहिला आणि मी भानावर असल्याचे सांगितले. (सही)

साक्षीदार दुसरे : मनोज वासनिक, झेरॉक्स दुकान, बुधवारा, अमरावती. यांनी सर्व मजकूर वाचला आहे. (सही)

ठिकाण : अमरावती
दिनांक : १९ नोव्हेंबर २०२५